दिवसाउजेडीचं घुबड

संजनाला सातवा महिना लागला तशा प्रभावतीबाई वेंगुर्ल्याहून दुबईला लेकीकडे आल्या. शनिवारी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी डोहाळजेवण ठरलं होतं. बाईंनी आल्याआल्याच सांगून टाकलं, "मी आपली स्वयंपाकघर सांभाळते. ओटी मैत्रिणींकडून भरून घे." नवरा गेल्यापासून शुभकार्यात त्या अशाच भिंतीआड असायच्या. संजना चिडली, पण आईपुढे तिचं काही चाललं नाही.

आदल्या दिवशी जावई नागेश दोघींना अबुधाबीला म्युझियम दाखवायला घेऊन गेला. युरोपातली जुनी चित्रं, मंद पिवळा उजेड, पावलांचा आवाजही विरून जावा अशी शांतता. प्रभावतीबाई पाण्यातून चालल्यासारख्या चालत होत्या. एका चित्रापाशी त्या थबकल्या.

फांदीवर घुबड बसलं होतं. भर दिवसा. भोवती इवल्या पाखरांचा गराडा. कुणी चोच मारतंय, कुणी पिसं ओढतंय. घुबड मात्र हललेलं नव्हतं.

"अगो, घुबडाचं चित्र कोण काढतं? अवलक्षणी मेलं!"

संजनाने शेजारची पाटी वाचली. "तिकडेही एकमत नाही, आई. ग्रीकांना हा ज्ञानाच्या देवीचा पक्षी वाटायचा. पुढे कुणी मूर्खपणाची, पापाची खूण म्हणून काढला. आणि असं पाखरांनी छळलेलं घुबड म्हणजे काहींना चक्क येशू वाटायचा. दोष नसताना सोसणारा."

"या घुबडाने काय केलं होतं?"

"काही नाही. नुसतं दिसलं."

बाई समोरच्या बाकावर टेकल्या. त्या गोल डोळ्यांत पाहता पाहता दालन दूर दूर गेलं. फांदी आपल्याच खाली हलतेय असं त्यांना वाटलं, आणि कानांशी कलकलाट. पुतणीच्या हळदीला त्या पुढे झाल्या तेव्हा बायकांत उठली होती तशीच कुजबुज. मग एकेक आवाज विझला. उरलं कोवळं ऊन आणि अंगभर पिसांची ऊब.

"आई, निघूया? यल्ला, चला!" नागेशने हाक मारली तेव्हा त्या गालांवरून पदर फिरवत उठल्या.

शनिवारी मैत्रिणी जमल्या. ओटीचं ताट कुणी उचलायचं यावर बोलणं चाललेलं असताना प्रभावतीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"मी भरते."

"काकू, तुम्ही..." एकजण म्हणाली आणि थांबली.

"होय, मीच. लेक माझी आहे."

नारळ, तांदूळ नीट ओटीत पडले. संजनाला रडू आवरेना. शेजारची सबा, रत्नागिरीची, म्हणाली, "काकी, आता एक गाणं होऊ द्या की!"

प्रभावतीबाई बायकांच्या मधोमध बसल्या, गाऊ लागल्या. मधेच एक ओळ विसरल्या आणि स्वतःच खुदकन हसल्या.