उलट्या टांगलेल्या अळ्या

येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या दिवशी बेंबळीत माणूस घरी सापडत नाही. कडब्याची खोपी म्हणजे कोप, तिच्यात पूजा, मग भज्जी, उंडे आणि आंबील, असा सगळा गाव रानात जेवतो. यंदा मात्र लोक आंबिलीचे तांबे तसेच ठेवून रामकिसननानांच्या हरभऱ्याकडे पळत होते. तिथे शेंड्याशेंड्याला घाटे, म्हणजे शेंगा, पोखरणाऱ्या घाटेअळ्या मरून लटकल्या होत्या, डोकं खाली आणि शेपूट वर. बांधावर घोंगडी टाकून भस्मेबाबा बसले होते.

"अळीला म्या फाशी दिली," बाबा सांगत होते. "अमावस्येला पाताळाचं दार उघडं असतंय. अळीचं त्वांड तिकडं केलं आन् दिली धाडून."

हे दार नेमकं नानांच्याच रानात कसं उघडलं, बांधापलीकडे अळ्या सुखाने घाटे का पोखरत होत्या, हे कुणी विचारलं नाही. पहाटे बाबांनी भस्म उधळलं आणि सकाळी अळ्या मेलेल्या दिसल्या, एवढ्यावर गावाचं भागलं. राशीला, म्हणजे मळणीच्या वेळी, घरटी एक पोतं हरभरा बाबांच्या मठाला द्यायचं, असंही ठरू लागलं.

गर्दीच्या मागे गावची कृषी सहायक राजेश्वरी उभी होती. तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि त्यातला निम्मा स्वतःवर. सहा दिवसांपूर्वी याच हरभऱ्यावर तिने विषाणूचं औषध फवारलं होतं. त्याने अळीला रोग लागतो. रोगट अळी शेंड्यावर चढते आणि उलटी लटकून मरते, पण त्याला पाच-सहा दिवस जातात. औषध मारलं की संध्याकाळपर्यंत अळी पडलीच पाहिजे, ही नानांची सवय. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिवंत अळ्या पाहिल्या आणि हे नुसतं सरकारी पाणी आहे असं गावभर सांगितलं. किती दिवस लागतात ते राजेश्वरीने आधी सांगायला हवं होतं. पण तिला त्या दिवशी पंचनाम्यांची घाई होती. औषधाचं नाव आणि फवारणीची तारीख तेवढी तिने बांधावरच्या फलकावर रंगवून ठेवली होती. बाबा आता त्याच फलकाला पाठ टेकून बसले होते.

तिने लोहाऱ्याकडच्या सुरजला फोन लावला. तो तिच्याच खात्यातला. बाबांनी तिकडेही हाच चमत्कार केला होता, सुरजने फवारलेल्या रानात, सहाव्याच दिवशी. बाबा होण्याआधी हा माणूस शेतीच्या औषधांच्या दुकानात कामाला होता, हेही सुरजने सांगितलं.

राजेश्वरीने हे सगळं लोकांना तिथेच सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, असं विचारलं. आणि ते पुन्हा बाबांकडे वळले.

तिला काळजी होती गर्दीतल्या धुरपताबाईंची. त्यांचं तीन एकर रान, सगळा हरभरा, आणि वर्षाचा घरखर्च त्यावर. अळ्या अजून तांदळाएवढ्या होत्या. याच वयात त्यांना रोग लागतो, पुढे त्या घाट्यात शिरल्या की काही उपयोग नाही. उद्याची फवारणी ठरलेली होती.

"न्हाय म्याडम," धुरपताबाई म्हणाल्या. "बाबा म्हनले, भस्मावर औषध पडलं की भस्म बाटतं."

खरं काय ते सिद्ध करायला सहा दिवस हवे होते, आणि हरभऱ्याकडे सहा दिवस नव्हते.

"मावशी, मग अर्धं रान द्या मला," राजेश्वरी म्हणाली. "मधोमध दोरी लावू. वरच्या अंगाला भस्म, खालच्या अंगाला माझं औषध."

धुरपताबाईंनी मान डोलावली. मग हात जोडून बाबांना म्हणाल्या, गुण येईस्तोवर आमच्याच घरी राहा महाराज. बाबांना नळदुर्गला तातडीचं बोलावणं होतं, पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी बाबांनी वरच्या अंगाला भस्म टाकलं. खाली राजेश्वरीने नवं काही आणलंच नाही. रोग मेलेल्या अळीतच असतो, म्हणून नानांच्या रानातल्या त्याच लटकलेल्या अळ्या तिने लोकांदेखत वेचल्या, पाण्यात चेचल्या, फडक्यातून गाळल्या. त्यात पानाला चिकटावं म्हणून गूळ आणि ऊन अडावं म्हणून चिमूटभर नीळ घातली, कारण उन्हात हे औषध मरतं, आणि दिवस कलल्यावर फवारलं.

मग तिच्या जिवाला चैन पडेना. रोज उजाडताच ती बांधावर हजर. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही, आणि लोक तोंडावर हसू लागले. थंडीने रोग लागायचा राहिला तर? पाणी जास्त झालं असलं तर? चौथ्या दिवशी खालच्या अळ्या तिला जरा सुस्त वाटल्या, पण ते खरं की आपल्याला तसं वाटायला हवंय, हे तिलाच कळेना. त्याच दिवशी बाबांनी पिशवी भरली. धुरपताबाईंनी पुरणपोळीचा आग्रह करून त्यांना ठेवून घेतलं. बिचाऱ्या अगदी मनापासून करत होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी दोरीच्या खालच्या अंगाला शेंड्याशेंड्याला अळ्या उलट्या लटकल्या होत्या. वरच्या अंगाला पानांवर भस्म तसंच होतं आणि घाट्याघाट्याला भोक.

"तुजी श्रद्धा खालच्या रानात व्हती, माय," बाबा म्हणाले. "म्हनून तिकडं गुण आला."

"न्हाय महाराज," धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या. "श्रद्धा म्या समदी वरच्याच रानात घातली व्हती. खालचं तर ह्या पोरीचं मन मोडवंना म्हनून दिलतं."

बाबा पिशवी उचलून फाट्याकडे चालू लागले, आणि त्यांना थांबवायला कुणी गेलं नाही.

राजेश्वरीला जिंकल्यासारखं वाटेना. दीड एकर गेलं होतं. चूक माझीही आहे, पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, असं ती म्हणाली. धुरपताबाईंनी वरच्या अंगाचं एक ढाळं, म्हणजे घाट्यांसकट हरभऱ्याचं झाड, उपटलं. एकेक घाटा दाबून पाहिला, पोकळ निघाला. ते ढाळं त्यांनी तिच्या हातात दिलं.

"हे घेऊन फुडच्या गावाला जा," त्या म्हणाल्या. "आधी हे दावा, मग खालच्या अंगाचं भरलेलं ढाळं. किती दिस लागत्यात ते पैल्या दिशीच सांगा. आन् कुनी भस्म घेऊन आला तर त्याला म्हनावं, अर्ध्याच रानात टाक. बाकीचं आमी आमच्या डोळ्यानं बगू."