माहेरी मेलेली पोर कोणाची

भिला पाटलांनी पंचायतीच्या टेबलापाशी यादी दोनदा वाचली. नावं तीनच होती. कालव्यात बुडालेला भाग्येश, मोटारसायकलवरून पडलेला करणसिंग, आणि तापानं गेलेली हेमराजची पोर. त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"मांगे काही नही, आबा," भूपेंद्र म्हणाला.

भूपेंद्र त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. शहाद्याकडच्या एका कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवतो. गाव तिथून लांब, कोरीटच्या पलीकडे, तरी दर रविवारी आईला भेटायला येतो. चुलत्याच्या उंबऱ्यावर मात्र पाय ठेवत नाही. सरपंच ललितनं त्याला कामाला लावलं होतं. तालुक्याच्या गावस्पर्धेत दाखवायला एक फलक हवा होता: वीस वर्षांत आमच्या गावातले तरुण मृत्यू निम्म्यावर. दहा ते एकोणीस वयाची पोरं तेव्हाच्या दहा वर्षांत किती मेली आणि आताच्या दहा वर्षांत किती, एवढाच तो सवाल.

आताच्या नोंदी पंचायतीत होत्या. जुन्या नोंदी भिला पाटलांच्या वहीत. ते पंचवीस वर्षं पोलीस पाटील होते. तेव्हा ग्रामसेवक आठवड्यातून एकदा उगवायचा आणि पाटलांची वही समोर ठेवून जन्ममृत्यू उतरवून घ्यायचा. पाटलांनी लिहिलं तो मेला, न लिहिलं तो जिवंत.

"मन्ही दीपमाला कोठे शे?" पाटलांनी विचारलं.

दीपमाला त्यांची नात. दोन वर्षांमागे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा रात्रीपासून सुरू झाल्या, सकाळी जीपमध्ये घातली, आणि नंदुरबारची वेस दिसण्याआधीच ती गेली. वय अठरा वर्षं सात महिने. सासरच्यांनी अग्नी त्यांच्या गावी दिला.

"ती आपला गावनी नही, आबा. लगीन व्हयनं, नाव सासरले गयं," भूपेंद्र म्हणाला.

"सासरले मी जाई उनू. तठला ग्रामसेवक म्हने, पोर माहेरले मरनी, आमनाकडे नोंद नही." पाटलांनी कागद टेबलावर आपटला. "आठे नही, तठे नही. मंग ती मरनी का नही?"

खिडकीशी बसलेले जेठमल शेठ हसले. बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान, पण अर्धा दिवस बसायचे पंचायतीत. "पाटील, एक नाव राहिलं तर काय बिघडतं? पूर्वी बारा मेले, आता तीन. तुमचं धरून चार. बारातून चार, तरी गाव पुढेच."

"शेठ, असं नसतं," भूपेंद्र म्हणाला. "बारा मेले तेव्हा त्या वयाची पोरं सहाशे होती. आता तीनशे आहेत. घरटी पाच होती, ती दोनवर आली. पोरं निम्मी झाली म्हणजे मरणारीही कमी होणारच. त्यात गावाचं कर्तृत्व काय? म्हणून हजारी काढायची, हजार पोरांमागे किती. सहाशेत बारा म्हणजे दहा वर्षांत हजारी वीस. तीनशेत तीन म्हणजे हजारी दहा. हे खरं निम्मं."

पाटील शिकलेले जेमतेम, पण ही गोष्ट त्यांना सरळ उमगली. "आनि तीनना चार करात तं?"

भूपेंद्रनं बोटांवर हिशोब केला. "हजारी तेरा."

"म्हनजे निम्मं नही."

"नही."

पाटलांच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं. टेबलापलीकडे बसलेल्या ललितनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आबा, फलक रंगवायला टाकला आहे," तो म्हणाला. "गावाचं नाव होतंय, त्यात तुम्ही माती का कालवता?"

"मन्ही नात मोजाई जावाले पाहिजे. तुन्हा फलक ऱ्हायना काय, गया काय."

भूपेंद्रनं यादी नीट सरळ केली. घरच्यांशी तो शुद्ध बोलू लागला की त्याच्या मनात काही शिजतंय असं घरात म्हणत, आणि तो आता कॉलेजात बोलावं तसं बोलला. "घालतो. माझी हरकत नाही. पण नियम दोन्हीकडे एकच लावावा लागेल. बाळंतपणाला माहेरी येऊन मेलेली मुलगी आता मोजायची, तर पूर्वीचीही मोजायची. तुमच्या वहीत दहा वर्षांत तशी एकही नाही. एकही नव्हती का, आबा?"

पाटलांनी टेबलावरची वही काखेत मारली.

"नव्हती," पाटील म्हणाले आणि चप्पल शोधत बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. एकोणीसशे नव्व्याण्णव, ज्येष्ठ महिना. त्या पानावर सहा मयती होत्या, सगळ्या त्यांच्या अक्षरात. सातवी नव्हती. सातवी शीला, भूपेंद्रची थोरली बहीण. लग्न झालं तेव्हा ती शाळेत होती. पाटील त्या लग्नात पहिल्या पंगतीला बसले होते, आणि गावात कमी वयाचं लग्न झालं तर वर कळवणं हे पोलीस पाटलाचंच काम. वर्षभरानं ती पहिल्या बाळंतपणाला आली आणि ओसरीवरच आटोपली. मयत लिहायची तर वय लिहायचं, वय लिहायचं तर लग्नाचं प्रकरण बाहेर यायचं. भाऊ रडत बसला होता, त्यानं काही मागितलं नव्हतं. पाटलांनीच त्याला सांगितलं, पोर सासरची, तिकडे लिहितील. अंग झटकायची वाट एकदा सापडली की पाय आपोआप वळतात. तिच्या आधी तिघींना त्यांनी याच वाटेनं घालवलं होतं.

भूपेंद्र तेव्हा अकरा वर्षांचा होता. पाटलांना वाटलं होतं, पोराला काय कळतंय.

वहीतलं एखादं पान फाडलं तर कोणाला पत्ता लागणार नाही, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण फाडायचं काय? त्या चौघी कोणत्याच पानावर नव्हत्या. आणि गप्प बसलं तर भूपेंद्र दीपमालाला आत घेणार नाही. तो घेणार नाही हे त्यांना नक्की ठाऊक होतं, कारण त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही घेतली नसती.

दोन दिवसांनी ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरली. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. भूपेंद्रनं आकडे वाचले. सहाशेत बारा, तीनशेत तीन. लोकांना हजारी कळली नाही, निम्मं कळलं, आणि टाळ्या पडल्या.

पाटील उभे राहिले. "यादी अपुरी शे. मन्ही नात दीपमाला लिखा."

"आबा, त्या दिवशी बोलणं झालंय," ललित म्हणाला.

"माझा प्रश्न तोच आहे," भूपेंद्र म्हणाला. "वहीत नाही ते मी घालत नाही. तुम्ही सांगा, तुमच्या काळात अशा किती?"

"वकिलासारखा कसाले बोली ऱ्हायना? तुले ठाऊक शे."

"मला ठाऊक असून उपयोग नाही. वही तुमची आहे."

मागून कोणी तरी म्हणालं, पाटील, बसा खाली, ऊन झालं. दोघंतिघं हसले. पाटील बसले नाहीत.

"चार," ते म्हणाले. "कोकिळा. मथुरा. रंजना." मग त्यांनी पाराच्या कठड्यावर हात ठेवला. "आनि शीला."

रंजनाचा भाऊ समोरच बसला होता. तो उठला, पाटलांकडे बघून थुंकला आणि निघून गेला.

भूपेंद्रनं मोबाईलवर आकडे घातले. "बारा आणि चार, सोळा. सहाशेत सोळा, हजारी साडेसव्वीसच्या वर. आता तीन आणि एक, चार. तीनशेत चार, हजारी तेराच्या वर." त्यानं मोबाईल खाली ठेवला. "बरोबर निम्मे."

ललितला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. "म्हणजे फलक राहिला. निम्मे ते निम्मेच."

"राहिला," भूपेंद्र म्हणाला. "पूर्वी वाटलं त्याहून जास्त पोरी मरत होत्या, आणि आताही वाटतं त्याहून जास्त मरतात. फलकात ते दिसणार नाही."

पाटलांनी हे ऐकलं. फलक मोडावा म्हणून ते दोन दिवस दातओठ खात होते, आणि फलक त्यांच्याच तोंडानं पक्का झाला होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं दगूबाई उठली. भूपेंद्रची आई, पाटलांची धाकटी भावजय. त्यांच्या घराण्यात धाकटी भावजय जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंड उघडून बोलत नाही. चाळीस वर्षांत दगूबाईनं पदराआडूनसुद्धा पाटलांना शब्द टाकला नव्हता. पाणी द्यायचं तरी पोराच्या हाती. ती चालत पारापर्यंत आली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"शीलानं वय काय लिखशी?" तिनं विचारलं.

पाटलांनी मान खाली घातली. "सतरा."

"सोळा. लगीनमा एक वरीस तूच वाढाय व्हतं."

तिनं जेठाला तू म्हटलं. सभेत चुळबूळ झाली. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाशी नेला, पण तिला बस म्हणायला एकही पुढे झाली नाही.

भूपेंद्रनं पाटलांच्या काखेतली वही घेतली, उघडून पारावर ठेवली, शेजारी पेन ठेवलं. नव्व्याण्णवच्या पानावर जागा नव्हती, म्हणून पाटलांनी कडेला आडवं लिहायला घेतलं. हात म्हातारा झाला होता, अक्षर तेव्हाचं राहिलं नव्हतं. शीला, वय सोळा, पहिलं बाळंतपण, माहेरी. मरणाच्या कारणापाशी ते अडले आणि त्यांनी वर पाहिलं.

"तेबी लिख," दगूबाई म्हणाली. "कोवळा वयमा लगीन लाई दिनं ते. तुन्हा हाते लिख."

ती त्यांच्या डोक्याशी उभी राहिली. लोक एकेक करून उठून गेले, ललितनं सतरंजी गुंडाळली, तरी ती हलली नाही.