मुळांवरची मूठभर माती

मित्रांनो, मी एक बुटका वड आहे. इतकी वर्षं जगलो, तरी उंची तुमच्या गुडघ्याएवढीच. हसू नका, हसणाऱ्यांना मी कंटाळलो आहे.

सोनगीरच्या किल्ल्याच्या भिंतीत, एका फटीत मी उगवलो. धुळ्याच्या सुरेशचंदभाऊंनी मला हलकेच उपटलं आणि एस.टी.त मांडीवर धरून घरी आणलं. मुंबईत त्यांनी ताटाएवढ्या कुंडीतली म्हातारी झाडं पाहिली होती. खोडाभोवती चहूकडे पसरलेली जाडजूड मुळं! मलाही तसंच व्हायचं होतं. भांडी घासणारी तानुबाई मात्र मला पाहून म्हणाली, "भाऊ, हाई झाड शे का लोनचं? बरनीमा मावी जाई!" म्हणे, मी बरणीत मावेन!

माझं दुखणं एकच. फटीत वाढल्यामुळे मला एकच लांब मूळ होतं, सरळ खाली गेलेलं. बाजूची मुळं दोऱ्यासारखी. उथळ कुंडीत मी उभाच राहीना. वारा आला की आडवा. भाऊंनी कात्री काढली. तोच त्यांच्या आई, प्रेमकुंवरबाई, मंदिरातून आल्या; भाऊ त्यांना 'बाई'च म्हणत. घर जैनांचं; कंदमूळ न खाण्याचा त्यांचा जन्माचा नियम.

"सुरेश, या घरात मूळ कापायचं नाही."

"बाई, आपण ते खाणार थोडेच आहोत?"

"मग तर उगीचच पाप."

कात्री परत गेली. मग भाऊ रोज सकाळी काडीने माती उकरून माझी बाजूची मुळं उघडी करीत. उजेडात ती जाड होतील असं त्यांना वाटे. दुपारी सामायिकाचा जप आटोपून बाई येत, "उघडा पडला बिचारा" म्हणत आणि मूठभर मातीने झाकून टाकीत. सकाळी उघडायचं, दुपारी झाकायचं! दोघांचीही माया, आणि मी तसाच लुळा. अहो, एकदा काय ते ठरवा ना!

वैशाखात बाई लेकीकडे पिंप्राळ्याला गेल्या. आता मुळं निवांत उघडी राहतील म्हणून मी खूश झालो. पण धुळ्याचं ऊन ते! मुळं सुतळीसारखी वाळली, पानं गळाली. "गेलं हे," म्हणत भाऊंनी मला अंगणातल्या रिकाम्या डब्यांपाशी टाकून दिलं.

बाई परतल्या. रोज अंगणात येऊन पाणी घालत राहिल्या. ज्येष्ठ सरताना मला एक पान फुटलं, तेव्हा म्हणाल्या, "सुरेश, फुटकं कौल आण. चौमासा लागला की मातीतले जीव मरतात, मी हात घालणार नाही; आजच करू. कापायचं नाही, वळवायचं."

त्यांनी कुंडीत कौल ठेवून त्यावर मला बसवलं. पोरीचे केस विंचरावेत तसं ते लांब मूळ आणि उरलेले धागे चहूकडे पसरले, वर माती दाबली. "आता उकरशील तर बघ!"

भाऊ चरफडले. मीही चरफडलो. अंधारात दिवस काढणं सोपं नसतं, आणि पोटाखाली ते कौल टोचत होतं, अजून टोचतं. पण खाली वाट नाही म्हटल्यावर मुळं आडवी धावली आणि झाकलेली असतानाच जाड झाली. पुढे भाऊंनी ती पावसाळ्यात थोडी थोडी उघडली.

बाई आता नाहीत. वैशाख लागला की भाऊ स्वतःच माझ्यावर मूठभर माती टाकतात. पाहुणे मात्र येतात आणि "बघू, मुळं कशी आहेत?" म्हणत ती माती बोटाने उकरतात! मित्रांनो, तुम्ही आलात तर एवढं करा. लांबून बघा. कुणी उकरलंच असेल, तर जाताना तेवढी मूठभर माती परत टाका.