फेसाची उंची

टेबलावर नऊ ग्लास होते: तीन पांढऱ्या वाइनचे, तीन लाल, तीन फसफसणारीचे. शिवाय थुंकायची तीन भांडी, साध्या पावाचे बारा तुकडे आणि तीन कोरे कागद. तिन्ही बाटल्या फ्रान्सहून आलेल्या. चाखणारेही तिघेच: आयात कंपनीचे मुख्य परीक्षक, गोदाम सांभाळणाऱ्या काकू आणि परीक्षकांची सख्खी भाची. भाची दोन वर्षं याच कंपनीच्या प्रयोगशाळेत वाइनमधलं आम्ल मोजत होती. आज तिचा कागद मामांच्या कागदाशी जुळला, तर तिला चाखणाऱ्यांत कायमची जागा मिळणार होती.

पांढरीवर एकमत झालं: हिरव्या सफरचंदासारखी आंबट धार, मागून ओल्या दगडाचा वास. लालही जुळली. कोवळी होती, हिरड्या आवळून धरत होती. "दोन वर्षांनी माणसात येईल," काकू म्हणाल्या.

फसफसणारी मात्र मलूल पडली होती. ग्लासात बुडबुडा औषधालाही नव्हता.

मामांनी ग्लास उजेडात धरला, घोट घेतला, थुंकला आणि लिहिलं: "उतरलेली. माल परत." काकूंनीही तेच लिहिलं. भाचीनं घोट तोंडातच धरून ठेवला. जिभेच्या कडांना बारीक बारीक बुडबुडे टोचत होते. तिनं लिहिलं: "वाइन जिवंत. दोष ग्लासचा."

मामांनी तिचा कागद दोनदा वाचला.

"अगं, तुला वाइन चाखायला बसवलंय, भांडी तपासायला नाही."

"मग डोळे मिटून चाखा, मामा."

"म्हणजे तीस वर्षं मी काय झक मारली?"

"तीस वर्षं तुम्ही चाखलीत. आज नुसती बघितलीत."

काकूंना पावाचा ठसका लागला.

मामांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. "ती ओळ खोड. खुर्ची तुझी. नाहीतर खुशाल आम्ल मोजत बस. आणि घरी आईला तूच सांग काय ते."

"सांगेन की. तिला मागे हटलेलं चालत नाही. तुमचीच बहीण आहे." ती काकूंकडे वळली. "काकू, ग्लास कशात धुतले?"

"नव्या मशिनमध्ये. शेवटी चकाकीचं लिक्विड घातलं. पाण्याचा एक डाग राहत नाही बघ."

"त्याचाच थर राहतो काचेवर. तो फेस धरू देत नाही."

तिनं मशिनमधून निघालेले दोन ग्लास घेतले. एक तसाच ठेवला. दुसरा मोरीत कढत पाण्यानं तीनदा खळबळून सुती फडक्यानं पुसला.

"आणि यातही फेस नाही आला तर?" मामांनी विचारलं.

"तर जन्मभर आम्ल मोजीन. ओळ नाही खोडणार."

"हट्टी कार्टी," मामा पुटपुटले. पण खिशातून चष्मा काढून त्यांनी नाकावर चढवला.

त्याच बाटलीतली वाइन तिनं मापानं दोन्हीकडे साठ-साठ मिलिलिटर ओतली, सारख्याच उंचीवरून. दर ओतण्यानंतर काकूंनी घड्याळाकडे बघत दहापर्यंत मोजलं. भाचीनं फेस मोजायला स्टीलची पट्टी काचेला लावली आणि ती बाजूला झाली. मामा वाकले, पट्टीवरचा आकडा स्वतः वाचला आणि स्वतःच्याच कागदावर लिहिला.

मशिनचा ग्लास: दोन मिलिमीटर. हातानं धुतलेला: एकोणीस मिलिमीटर.