आधी बटण, मग कोट

माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं माझं डोकं फिरवतात. एक म्हणजे माप देताना पोट आत ओढून धरणारं. त्याला वाटतं, टेपला काही कळत नाही. दुसरं कुठून तरी झकास बटणं विकत घेऊन येतं आणि म्हणतं, मास्तर, याला शोभेल असा कोट शिवा. तीस वर्षं मी या दोघांवर तोंडसुख घेत आलोय. गेल्या महिन्यात एका आठवड्यात मी स्वतःच ती दोन्ही गिऱ्हाइकं झालो, आणि मला त्यातून बाहेर काढलं ते समोरच्या दुकानातल्या डॉक्टरीणबाईंनी. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नाहीत. बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून बसतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना तसं म्हणते.

झालं असं, की मी रोज दुपारी तीन वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो आणि तासभर ट्रक चालवतो. कॉम्प्युटरवरच्या खेळात. दुसरा ट्रक माझी ताई चालवते, दुसऱ्या शहरात, तिच्या घरी बसून. दोघांच्या कानाला हेडफोन. हा खेळ मुळात भावोजींचा. जन्मभर खरे ट्रक चालवले आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून खोटे चालवू लागले. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. ताई तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. नातेवाइकांनी तिच्या धीराचं कौतुक केलं. मला मात्र त्या धीराचीच धास्ती होती.

फोनवर ती "हं", "जेवले", "ठेवू का?" एवढंच बोलायची. मग एक दिवस भावोजींच्या खुर्चीत बसून तिने तो खेळ सुरू केला आणि मलाही शिकवला. ट्रक चालवताना ती बोलते. डोळे रस्त्यावर असले की तिचं तोंड उघडतं. चढ लागला की भावोजींची आठवण सांगते, पूल आला की माझ्या वजनावर घसरते. माझा जुना कॉम्प्युटर दर दोन मिनिटांनी अडकायचा, चित्र थिजायचं. पुन्हा हललं की ताईचा ट्रक पुढे रस्त्याच्या कडेला उभा दिसायचा.

"आलास का रे रेंगाळत?" ती विचारायची, आणि आम्ही पुढे निघायचो.

मग सूचना आली: शनिवारपासून खेळाची नवी आवृत्ती, जुन्या कॉम्प्युटरवर चालणार नाही. ताईचं यंत्र भावोजींनी हौसेने घेतलेलं, त्याला धक्का नव्हता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारपर्यंत नवा कॉम्प्युटर झाला नाही, तर ताई पुन्हा "हं" वर जाणार होती.

कापडं कापायच्या नव्या टेबलासाठी बाजूला ठेवलेले पैसे घेऊन मी सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"कशासाठी हवाय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यासाठी," मी म्हणालो. छप्पन्न वर्षांचा माणूस भर दुपारी ट्रक-ट्रक खेळतो, हे सांगायची लाज वाटली.

"मास्तर, सगळ्यासाठी एकच कपडा कुणी शिवत नाही, असं तुम्हीच म्हणता."

"तुम्ही चांगला द्या म्हणजे झालं."

त्यांनी मधल्या किमतीचा, सहा कोअरचा प्रोसेसर सुचवला. कोअर म्हणजे आत बसलेले कारागीर, असं त्यांनी मला समजेल असं सांगितलं. तुमच्या बजेटमध्ये सहा पुरेत, उरलेल्या पैशांत बाकीचे भाग नीट येतील. माझ्या नाकावरचा राग लगेच जागा झाला. या बाईने माझे कपडे बघून माझा खिसा ओळखला, असं मला वाटलं. खरं तर खिशाचा आकडा मीच तिला सांगितला होता, पण रागाला एवढं कुठे आठवतं.

मंगळवारी मी बाजारातल्या दुसऱ्या दुकानात जाऊन सोळा कोअरचा प्रोसेसर घेऊन आलो. तीनचतुर्थांश पैसे त्यात गेले. घरी येऊन सील फोडलं आणि ती चकचकीत चौकोनी चिप टेबल-लॅम्पखाली धरून बघत बसलो. बायको म्हणाली, "छान आहे. आता हिला ठेवणार कुठे?"

बुधवारी चौकशी केली तेव्हा कळलं. हा प्रोसेसर बसायला त्याच्या मापाचा महागडा मदरबोर्ड लागतो. तापतो म्हणून मोठा पंखा लागतो, आणि वीजही जास्त खातो म्हणून तगडा पॉवर सप्लाय. शिवाय खेळातलं चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड, त्याला तर काहीच उरलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, सील फुटलं, आता परत नाही. बटण हातात घेऊन मी रस्त्यात उभा, आणि कोटाचं कापड घ्यायला दमडी नाही.

गुरुवारी सकाळी मी ते खोकं डॉक्टरीणबाईंच्या काउंटरवर ठेवलं. त्या हसतील म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून गेलो होतो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. आता खरं माप द्या. पोट आत न ओढता."

मी सांगितलं. ट्रक, ताई, भावोजी, फोनवरचं "हं", शनिवार. सगळं. सांगताना आवाज एक-दोनदा घसरला, त्याचीही लाज राहिली नाही. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून ऐकलं.

"तुमच्या ट्रकला सोळा कारागीर नकोच आहेत," त्या म्हणाल्या. "या खेळात बरंचसं काम एक-दोघंच करतात, ते चपळ हवेत. उरलेले चौदा नुसते बसून राहतील. सोमवारी हे सांगितलं असतंत, तर मी तेव्हाच समजावलं असतं."

"सोमवारी मी शहाणा होतो."

"होता खरे."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. व्हिडिओ कापून जोडायचं काम करणारं त्यांचं एक गिऱ्हाईक होतं. त्याला सोळाच्या सोळा कारागीर हवे होते आणि नवा घेणं त्याला परवडत नव्हतं. दुपारी तो आला, बाईंनी प्रोसेसर त्याच्यासमोर चालवून दाखवला, आणि थोडी घट सोसून माझे पैसे मोकळे झाले. त्यांत सहा कोअरचा प्रोसेसर, साधा मदरबोर्ड, बेताचा पंखा आणि एक वापरलेलं पण ठणठणीत कार्ड आलं. पेटी माझीच जुनी, आतून ब्रशने साफ केलेली. शुक्रवारभर त्यांनी हातातली दुसरी कामं बाजूला सारून ती जोडली. मजुरी विचारली तर म्हणाल्या, "माझ्या कोटाचं अस्तर फाटलंय, ते बघा." आभार मानताना मी गिऱ्हाइकाला सांगतो तसं "घट्ट वाटलं तर घेऊन या" असं काहीतरी बरळलो.

शनिवारी तीन वाजता शटर अर्धं खाली आलं. ट्रक सुरू झाला. पहिला चढ गेला, पूल गेला, चित्र एकदाही थिजलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. ताईचा ट्रक सतत माझ्या समोर, दोन हातांवर असल्यासारखा.

पुलाच्या पलीकडे तिने वेग वाढवला. मीही वाढवला.

"आज मागे पडला नाहीस," ती म्हणाली.

"नवीन घेतलाय. आता तुला थांबावं लागणार नाही."

"यांच्यासाठी अशीच थांबायचे मी," ती म्हणाली. "खिडकीत. उशीर व्हायचा, पण यायचे." मग म्हणाली, "इतके दिवस तुझ्यासाठी थांबत होते ना? आज तू थांब. गाडी बाजूला घे. मला जरा रडायचंय."

मी ट्रक कडेला घेतला. ताईचा ट्रक पुढे उभा राहिला आणि हेडफोनमध्ये ती दीड वर्षाचं रडली. स्क्रीनवर आमच्या दोन्ही ट्रकचे दिवे लुकलुकत होते, बाजूने गाड्या जात होत्या. त्या सबंध वेळात माझा कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही, तिच्या आवाजातलं काहीही तुटलं नाही. समोरच्या दुकानात डॉक्टरीणबाई कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडून बसल्या होत्या. अर्ध्या शटरखालून मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या, आणि मी त्या चपलांना मनातल्या मनात हात जोडले.

चार वाजून गेले. दाराशी एक गिऱ्हाईक येऊन खाकरलं. मी त्याला हातानेच थांब म्हटलं.

"आहेस ना रे?" ताईने विचारलं.

"इथेच आहे," मी म्हणालो. "तुझं झालं की निघू."