बत्तीस बोल्टांचं कपाट

बत्तीस बोल्ट, बत्तीस नट.

घरभर चहाचा वास, आणि स्टोव्ह तर पेटलेलाच नाही.

सहा कपबशा, लग्नापासून पेंढ्यात.

नागपूर.

सरस वितळवायची काळीठिक्कर वाटी.

जिन्याचं वळण, जेमतेम अडीच फूट.

आता रविवारपासून. रविवारी सकाळी दोन हमालांनी गोणपाटात गुंडाळलेलं एक चपटं ओझं तिसऱ्या मजल्यावर आणून टाकलं, तेव्हा विमल म्हणाली, "कपाट येणार होतं ना?"

"हेच कपाट," विनायक म्हणाला.

"हे? हे तर मोडून आलंय."

"मोडून नाही गं. सुटं आहे. आपण जोडायचं."

हावड्याला चहाच्या पेट्यांचं प्लायवूड कापणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकाने मळ्यांवरच्या साहेबांसाठी ही बैठकीच्या खोलीतली कपाटं काढली होती. दोन माणसं, एक पाना, अर्धा तास. बदली झाली की पुन्हा अर्धा तास, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. विनायकला तेच हवं होतं. बँकेने त्याला बढती देऊन नागपूरला पाठवायचं ठरवलं होतं आणि त्याने संमतीच्या कागदावर सही करून टाकली होती. विमलला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

तिने भोपाळची शाळा सोडली होती, जबलपूरची सोडली होती. इथे भवानीपूरच्या शाळेत चार वर्षं तात्पुरती म्हणून घासल्यावर येत्या जूनपासून ती कायम होणार होती. हे सगळं माहीत असलेल्या माणसाने सही कशी केली? विनायकला त्याचं उत्तर सापडत नव्हतं. त्याऐवजी त्याला कपाट सापडलं. अकरा वर्षं ती मागत होती.

त्याने फळ्या अंथरल्या. मालकाने दिलेला आकृतीचा कागद उलटासुलटा करून पाहिला. बाजूची फळी वरची वाटत होती, वरची खालची. दुपारी बारापर्यंत कपाट उभं राहिलं आणि खिडकीकडे कललं. त्याने ते खोललं, पुन्हा जोडलं. आता ते स्वयंपाकघराकडे कललं.

"कंटाळलं बिचारं, जेवायला निघालंय," विमल म्हणाली.

बोल्ट मोजले, बत्तीसच्या बत्तीस लागलेले. मग हलतंय काय? बोटाने चाचपल्यावर कळलं, भोकं बोल्टांपेक्षा मोठी पाडलेली. फळ्या चहाच्या जुन्या पेट्यांच्याच, पातळ, वासासकट. मधल्या कप्प्यात शब्दकोश ठेवला तर तो कप्पा पोटात वाकला.

"पावसाळ्यात याचं काय होईल हो?"

"पावसाळ्यात..." विनायक म्हणाला आणि थांबला. पावसाळ्यात आपण इथे नसू, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

"काय?"

"काही नाही. पाना दे."

तिने पाना दिला. त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत दिला, असं त्याला वाटलं. की उगीच वाटलं?

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला तर कपाट भिंतीला ताठ उभं. काचेआड सहा कपबशा मांडलेल्या. त्याने खांद्याने ढकलून पाहिलं, ढिम्म. बत्तीस बोल्ट टेबलावर बिस्किटांच्या डब्यात पडलेले. कोपऱ्यात गल्लीतला सुतार, निताई मिस्त्री, आपली काळी वाटी पुसत होता.

"बाबू, अब नहीं हिलेगा," तो म्हणाला. "सरस लगाया, ऊपर से कीला. पीछे मोटा पट्टी भी दिया. आज हाथ मत लगाइए." आणि पिशवी उचलून गेला.

"तू शाळेत गेली नाहीस?"

"रजा टाकली. चार वर्षांत पहिली."

"अगं, पण आता हे खोलणार कसं?"

"कशाला खोलायचंय?"

विनायक कपाटाकडे बघत राहिला, मग दाराकडे, दारापलीकडच्या गोल जिन्याकडे. त्याने नकळत कपाटाची रुंदी वितीने मोजली. पाच फूट भरली. हे उभं, आडवं, तिरकं, कसंही त्या वळणावरून उतरणार नव्हतं.

"असं आहे विमल," तो म्हणाला. "म्हणजे नागपूरला... मी हो म्हणून बसलोय."

विमलने काच सरकवली, दोन कपबशा काढल्या आणि पदराने पुसल्या.

"कपाट इथेच राहणार," ती म्हणाली. "मीही. तुमचं तुम्ही ठरवा."

"तुला राग नाही आला?"

"आला होता. उतरला थोडा. ठोकाठोकी चालली होती ना दिवसभर." ती स्टोव्ह पेटवायला आत गेली. "उद्या तो कागद परत मागून बघाल का? की नागपूरला खोली शोधू एका माणसापुरती?"

विनायक डबा मांडीवर घेऊन बसला. परत मागता येतो का असा कागद? त्याला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत त्याने कधी मागून पाहिला नव्हता. एक बोल्ट उचलून त्यावर तो नट फिरवत राहिला. तो फिरत होता, पण घट्ट कुठेच होत नव्हता.

"उद्या साहेबांकडे जातो," तो शेवटी म्हणाला.

"साखर किती?" आतून आवाज आला, जणू तिला माहीतच नव्हती.

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, विनायकच्याच बँकेतल्या दिनकररावांच्या बायकोने, स्मिताने, विमलला नागपूरबद्दल विचारलं, तो कपाट आलं त्या रविवारच्या आधीचा शुक्रवार होता.