चौथी वाटी

ट्रकच्या पोटाखाली उताणा पडून संघपाल क्रॉसच्या रबरी सीलमध्ये सुई सारत होता. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या लांब शाफ्टच्या जोडावर हा क्रॉस असतो. पूर्वीच्या क्रॉसला ग्रीस भरायला निप्पल असायचं. हा सीलबंद होता. आतलं ग्रीस संपलं की क्रॉसच बदलायचा, असा त्याचा हिशेब. पण वीस वर्षं चाललेल्या ट्रकांचे मालक इतक्यात बदलायला तयार नसत. म्हणून संघपालने एक सुई घासून बारीक केली होती आणि ती ग्रीसगनला बसवली होती. सील न फाडता ती आत घालावी तर त्यानेच, असं निलंग्यातले ड्रायव्हर म्हणत.

क्रॉसच्या चार टोकांवर बारीक सळ्यांनी भरलेल्या चार वाट्या असतात. तीन वाट्यांच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, चौथीतून काही येईना. त्याने दोनदा दाब दिला. मग बाहेर येऊन ड्रायव्हरला, दयानंदला, गाडी पुढे-मागे घ्यायला सांगितली आणि चाकाजवळ वाकून कान दिला.

कान दिला म्हणजे तसं दाखवलं. दोन वर्षांपासून त्याला बारीक आवाज ऐकू येत नव्हते. आधी फोनची घंटी गेली, मग पाखरं, मग कोरड्या क्रॉसची चिरचिर. नांदेडला नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने, धम्मप्रियाने, हट्टाने कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. गॅरेजच्या खणखणाटात ते लावलं की डोकं फुटायची वेळ यायची. ते घरी पेटीत पडून होतं. तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून काम रेटत होता. चौदाव्या वर्षी ट्रकखाली गेलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

त्याने दयानंदच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर तक्रार दिसली नाही.

"गेला आवाज," संघपाल म्हणाला.

काका म्हणतात म्हणजे गेला, असं समजून दयानंद निघाला. शिरूर अनंतपाळच्या पलीकडे हरभरा काढायला जाणाऱ्या एकवीस बाया मागच्या हौद्यात बसल्या होत्या.

शेजारच्या टपरीवरची तारामती चहा घेऊन आली. कप ठेवताना ती सहज म्हणाली, "त्या गाडीचा आवाज तसाच हाय की, भाऊ. चिमणी वरडल्यावाणी. जाताना तर लईच वरडत हुती."

संघपालने तिला पुन्हा बोलायला लावलं. मग त्याने सुई पुसलेलं फडकं उचललं आणि उन्हात धरलं. काळ्या ग्रीसच्या डागांमध्ये एक डाग तांबडा होता. चौथ्या वाटीतून सुई बाहेर काढताना आलेली ती गंजाची भुकटी होती. वाटी कोरडी पडली होती आणि आतल्या बारीक सळ्या पिठासारख्या झाल्या होत्या. शाफ्ट सुटला तर बाजूच्या ब्रेकच्या पाइपवर आपटणार. पुढे उतार होता.

त्याने फोन लावला. पलीकडे घंटी वाजतेय की कुणी उचललाय, त्याला काहीच कळेना. "दयानंद, गाडी थांबव. बायांला उतरव," तो फोनमध्ये ओरडत राहिला. तारामतीने त्याच्या हातातून फोन घेऊन कानाला लावला आणि त्याच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "वाजूनच राहिलाय. उचलला न्हाई."

गॅरेजमालक शिवलिंगची मोटरसायकल दारात उभी होती. विचारायलाही न थांबता तो ती घेऊन निघाला. मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न त्याला कळत नव्हते. एक एसटी अंगाला घासून पुढे गेली तेव्हाच ती मागे होती हे त्याला कळलं. प्रत्येक वळणावर तो आधी रस्त्याकडेचा खड्डा बघत होता. तिथे लुगडी दिसू नयेत, एवढंच त्याच्या मनात होतं.

उताराच्या अलीकडे ट्रक दिसला. त्याने पुढे जाऊन मोटरसायकल रस्त्यात आडवी घातली. दयानंदने करकचून ब्रेक दाबला आणि खाली उडी मारली. तो संतापला होता. सकाळी तुम्हीच पास केली, आता आडवे काय येता, असं तो म्हणत होता. वरून बायाही उशीर होतो म्हणून बोलू लागल्या. क्रॉस गेलाय, उतरा, हे संघपाल पुन्हा पुन्हा सांगत राहिला, कुणी हलेना. मग सकाळी कळलं कसं नाही, हा दयानंदचा एकच प्रश्न होता.

"मला ऐकू येत न्हाई," संघपाल म्हणाला. "दोन वरसं झाली. सकाळी मी नुसतंच वाकलो हुतो."

बायांमधली सगळ्यात थोरली, कोंडाबाई, आधी उतरली. तिच्यामागून बाकीच्या उतरल्या.

चाकांना दगड लावून, ट्रकमधलेच पाने घेऊन संघपाल खाली शिरला. बोल्ट सोडवून त्याने शाफ्ट मोकळा केला, तशी चौथी वाटी आपोआप त्याच्या तळहातावर आली. त्याने ती पालथी केली. सळ्या पडल्याच नाहीत, नुसती तांबडी भुकटी पडली. वाटी तशीच हातात घेऊन तो बाहेर आला.

कोंडाबाईने वाटीत बघितलं आणि मग त्याच्याकडे. "इतके दिस कसं करून राहिला रं?"

"लोकांच्या तोंडाकडं बघून," तो म्हणाला.

तिने पदराखालची पाण्याची बाटली त्याला दिली. बाया विळे घेऊन पायीच शेताकडे निघाल्या. जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. दयानंद पाठमोरा उभा राहून शिवलिंगशी फोनवर बोलत होता. पाठीवरून संघपालला काही वाचता येईना, पण बोलणं बराच वेळ चाललं. उद्या गॅरेजात आपल्याला ट्रकखाली जाऊ देतील की नाही, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

दयानंदने मोटरसायकलवर जाऊन नवा क्रॉस आणला. तोपर्यंत दुपार टळली होती. संघपालने तो बसवला, बोल्ट आवळले, पुन्हा एकदा प्रत्येकावर हात फिरवला. शाफ्ट फिरवून पाहिला. मग सवयीने तो चाकाजवळ वाकू लागला आणि तसाच थांबला.

दयानंदने त्याच्या दंडाला धरून त्याला आपल्याकडे वळवलं. आपले ओठ त्याला नीट दिसतील असा तो उभा राहिला.

"काका, तुम्ही गाडी चालवा. मी ऐकतो."

संघपाल वर चढून बसला. पहिला गिअर टाकून त्याने ट्रक पुढे सोडला. बाजूच्या आरशात दयानंद कमरेत वाकून, कान चाकाकडे लावून ट्रकसोबत चालत होता. त्याला नीट ऐकू यावं म्हणून संघपालने गाडी आणखी हळू केली.